अव्वांसाठी वळवलेली गल्ली

"पॅनेल किती देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"पॅनेल नको. नुसत्या कोपरापट्ट्या द्या. रुंद बघून."

त्याने हातातला मोबाइल खाली ठेवला. "सर, भिंतीला पीव्हीसीचं पॅनेल लागतंय अन् पॅनेलच्या कडंला पट्टी लागती. तुम्ही नुसती पट्टी मागायलात. म्हंजे लुगडं नगं, नुसता काठ द्या, असं झालं हे."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मी नांदेडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. वर्गात माझ्यावर कोणी हसायचं नाही असं नाही, पण हसणाऱ्याला बाकावर उभं करायची सोय तिथे होती. लातूरच्या दुकानात ती नव्हती. म्हणून मी शांतपणे समजावून सांगितलं, की दोन काटकोनी कोपरापट्ट्या समोरासमोर धरून चिकटवल्या की चौकोनी नळी तयार होते; अशा नळ्या टोकाला टोक जोडून लांब केल्या, दोन्ही तोंडांशी तिरपा आरसा बसवला, की या टोकाला पडलेल्या माणसाला त्या टोकाचं दिसतं. पाणबुडीत असतं तसं.

दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कॅमेरा बसवा की."

हे वाक्य मला पुढे इतक्या जणांनी ऐकवलं, की शेवटी मी उत्तर द्यायचंच बंद केलं. वास्तविक त्या दिवशी दुकानातून रिकाम्या हाताने परत आलो असतो तर किती बरं झालं असतं. पण पट्ट्या रिक्षातून बाहेर काढून मिरवत मी गल्लीत शिरलो.

ही गल्ली माझ्या सासुरवाडीची. सासूबाईंना, उमादेवींना, घरात आणि गल्लीतही सगळे अव्वा म्हणतात. अव्वांनी जन्मभर उंबऱ्यावर बसून गल्ली चालवली. कुणाची सून माहेराहून कधी आली, कुणाच्या नळाला पाणी आलं आणि कुणी ते बेजा वाहू दिलं, सगळ्याचा हिशेब त्यांच्याकडे असे. हिवाळ्याच्या शेवटी त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्या घरी आल्या; पण खाली दुकान आणि गोदाम असल्यामुळे खाट टाकली ती माडीवरच्या मागच्या खोलीत. त्या खोलीला खिडकी आहे. खिडकीतून हात बाहेर काढला की शेजारच्या संगमेश्वर अप्पांच्या नव्या इमारतीची भिंत लागते. मधे नुसता बोळ.

उन्हाळ्यात मी आणि माझी बायको मंजुश्री महिनाभर राहायला गेलो, तेव्हा अव्वा त्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या होत्या. "चालायचा सराव करा" म्हणणाऱ्या बाईंना त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं. मला म्हणाल्या, "जावईबापू, सिमेंटला बुरशी कशी चढती ते आता मला विचारा. लई बघितलंय." मग म्हणाल्या, "मला दुसरं कायी नगं. समोरच्या सिंधुचं दार तेवढं दिसलं असतं तर. ती बी आली न्हाई बघा मला बघाय. जळकोटला लेकीकडं गेली म्हणतेत. न सांगता कशी गेली?"

सिंधुकाकू म्हणजे समोरच्या घरातल्या. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गल्लीत आल्या. एकीचं लिंगायताचं घर, दुसरीचं मराठ्याचं. पण सकाळचा चहा एकीच्या उंबऱ्यावर आणि दुपारचा दुसरीच्या, असा त्यांचा जन्म गेला होता.

आता सांगा, विज्ञानाचा माणूस हे ऐकून गप्प बसेल का?

माझा मेहुणा मल्लिकार्जुन दुकानातून वर आला आणि जिन्यात आडव्या पडलेल्या पट्ट्या पाहून थबकला. मी त्याला आराखडा सांगितला. त्याचा चेहरा उतरला. "दाजी," तो म्हणाला, "कशाला तरास घेता? चार दिवस आलाव, आराम करा."

"अरे, तुझी आई भिंत बघून राहिली आहे."

"भिंत बरी हाय," तो म्हणाला आणि खाली गेला.

हे उत्तर मला फार लागलं. जावयाने सासुरवाडीत एखादी गोष्ट मनावर घेतली की तिचं कौतुक होतं, असा माझा समज होता. वर्षाराणी, म्हणजे मल्लिकार्जुनची बायको, तिने तर पट्ट्या परत करायला रिक्षा बोलावू का, असंच विचारलं. मी ठरवलं, की आता नळी होणारच.

गच्चीवर काम सुरू केलं आणि गल्लीतले लोक सल्ला द्यायला वर येऊ लागले. असे सल्ले मी आयुष्यात ऐकले नव्हते. एक जण म्हणाला, प्लास्टिकला उंदीर लागतात. दुसरा म्हणाला, आरशात सतत बघून म्हाताऱ्या माणसाला चक्कर येते. एका बाईंनी सांगितलं, खाटेसमोर आरसा असला की दुखणं दुप्पट होतं. समोरचे शेषेराव, सिंधुकाकूंचा मुलगा, भर उन्हात टोपी घालून आले, बराच वेळ नळीकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सर, तोंड आमच्याच घराकडं ठेवायचं का?"

"अहो, अव्वांची तीच इच्छा आहे. काकू कधी येणार जळकोटहून?"

"बघू," असं म्हणून ते उतरून गेले. मला त्यांचा राग आला. माणसाने आईच्या मैत्रिणीसाठी एवढंही सहन करू नये? मी मंजुश्रीला म्हणालो, "तुमच्या गल्लीत माणुसकी राहिली नाही." ती पट्टी धरून उभी होती. ती म्हणाली, "तुम्ही आधी सरळ चिकटवा."

कारण पट्ट्या सरळ चिकटत नव्हत्या. उभा जोड लागला, पण टोकाला टोक जोडायचं म्हणजे दोन पातळ कडा एकमेकींवर टेकवून त्यांनी इमानाने राहावं अशी अपेक्षा करणं. पाइपला लावतात ते सोल्युशन लावलं. सकाळी जुळलेला जोड दुपारी टक्कन आवाज करून सुटला. सिलिकॉन भरलं, ते माझ्या बोटांना, लुंगीला आणि वर्षाराणीच्या चाळणीला चिकटलं, जोडाला चिकटलं नाही. मग मी बाहेरून दुसऱ्या पट्टीचा तुकडा पांघरुणासारखा गुंडाळला आणि सोल्युशनने असा घट्ट बसवला, की हत्तीने ओढला तरी निघू नये. मल्लिकार्जुनच्या दोन हमालांच्या मदतीने नळी बोळात उतरवली, भिंतीत खुंट्या मारून टेकवली, एक तोंड अव्वांच्या खिडकीत, दुसरं गल्लीवर हातभर बाहेर.

पहिल्यांदा आत पाहिलं तेव्हा गल्लीतली माणसं भिंतीवरून पाली चालाव्यात तशी आडवी चालत होती. आरशाचा कोन चुकला होता. अव्वा म्हणाल्या, "जावईबापू, मी आडवी हाय म्हणून गल्ली आडवी केलाव का?" आणि हसल्या. मंजुश्री म्हणते, पडल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या. मी नेट लावून आरसे फिरवले, आणि संध्याकाळी वीतभर चौकोनात सिंधुकाकूंचं निळं दार उभं राहिलं. शेजारी तुळशीचा डबा. अव्वा नुसत्या बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी संगमेश्वर अप्पा बनियनवरच आले. त्यांचा आवाज गोदामापर्यंत ऐकू येत होता. "सर, तुम्ही शिक्षक माणूस! आमच्या न्हाणीत बघता?"

मी ताडकन उठून अव्वांच्या खाटेशी गेलो आणि नळीत पाहिलं. निळ्या दाराच्या जागी अप्पांच्या न्हाणीचा झरोका आणि त्यात वाळत टाकलेला त्यांचा पंचा होता. लातूरच्या उन्हात प्लास्टिक तापून वाढलं होतं; दोन्ही टोकं खुंट्यांत पक्की, मधला जोड हत्तीलाही न निघणारा, मग वाढायला जागा कुठे? नळी मधेच केळ्यासारखी वाकली होती आणि तिचं तोंड अप्पांच्या इभ्रतीकडे वळलं होतं.

"रेल्वेच्या रुळांत फट का ठेवतात?" मंजुश्रीने मला विचारलं. माझ्याच शब्दांत, माझ्याच सुरात. हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारत असे आणि न येणाऱ्याला आठवडाभर टोमणे मारत असे.

मी अप्पांची माफी मागितली, चहा पाजला, आणि रात्रीच्या जेवणाआधीच आरी घेऊन जोड कापून काढला. या वेळी एक नळी दुसरीत बोटभर सरकवून सोडली, न चिकटवता. उन्हात लांबली तर आत सरकेल, गारठ्यात बाहेर येईल. ते जमलं. खरं तर मला तिथेच समाधान मानून थांबायला हवं होतं.

पण दोन दिवसांनी वॉर्ड ऑफिसचा एक माणूस आला. गल्लीवर आलेलं हातभर तोंड दाखवून म्हणाला, "ह्याची परवानगी?"

"कशाची?"

"रस्त्यावर वस्तू आलीय की. बोर्ड हाय का?"

"बोर्ड नाही, आरसा आहे."

"आरसा विकता का?"

मी त्याच्यामागे ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी यादी वाचली: जाहिरात फलक, पन्हळ, धुराडं, मांडव, केबल. नळीत पाणी नाही, धूर नाही, वीज नाही, जाहिरात नाही. "मग जातं काय त्यातून?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "प्रकाश." त्यांनी यादी पुन्हा वरून खालपर्यंत वाचली. "सर, त्यापेक्षा कॅमेरा बसवा की," त्या म्हणाल्या, "त्याला कुणी कायी म्हणणार न्हाई." शेवटी पन्हळ म्हणून अर्ज घेतला आणि पावसाळ्याआधी निर्णय होईल असं सांगितलं. मी बाहेर आलो तेव्हा अपमान झाल्यासारखंही वाटत होतं आणि जिंकल्यासारखंही. घरी येऊन मी हा सगळा प्रसंग अव्वांना रंगवून सांगितला. गल्लीतही सांगितला. मी सगळ्यांनाच सगळं सांगतो. त्यात वाईट काय आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

अव्वा आता सकाळी उठून केस विंचरायला लावू लागल्या. नळीच्या तोंडाशी उशी उंच करून घेत. खालून जाणाऱ्या पोरांना आरशात त्यांचा डोळा दिसायचा, ती हात हलवायची, आणि अव्वा नळीतून ओरडायच्या, "शाळा बुडवून कुठं चाललास रे?" ती पोरं दचकून पळत. सराव घेणाऱ्या बाईंना त्यांनी स्वतः निरोप पाठवला. मला इतका आनंद झाला होता, की मल्लिकार्जुन आणि वर्षाराणी त्या खोलीत येईनासे झाले आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

फक्त एक गोष्ट अव्वांना खटकायची. "दार उघडतच न्हाई सिंधुचं. शेषेराव मागल्या दारानं जातोय का काय? तुळशीला पाणी बी कुणी घालंना." मी म्हणायचो, "उन्हाळा आहे अव्वा, लेकीकडे राहिल्या असतील." अगदी सहज म्हणायचो.

मी शाळेत शिकवत असे, की नळीतून प्रकाश जसा जातो तसा आवाजही जातो. उलट जास्त चांगला जातो, कारण त्याला आरसा लागत नाही. पोरं पळून गेली तेव्हाच मला हे आठवायला हवं होतं. पण अव्वांचा आवाज खाली जातो तसा खालचा वर येईल, हे माझ्या मनातच आलं नाही.

त्या सकाळी मी खिडकीपाशी आरसा पुसत होतो, मंजुश्री अव्वांना पेज भरवत होती. खाली ग्यानोबा केळीवाल्याची गाडी येऊन नेमकी नळीच्या तोंडाखाली थांबली. त्याचा आवाज खोलीत असा आला, जणू तो खाटेशी उभा आहे.

"वैनी, गावाहून आल्यापासनं बघतोय, सिंधुकाकू आजबी दिसंनात. त्येंच्यासाठी मऊ बघून येगळी ठेवतोय मी."

मग वर्षाराणीचा आवाज. ती कुजबुजत होती, आणि नळीला कुजबुजणं फारच मानवतं. "हळू बोला भाऊ. काकू गेल्या की. महिना होऊन गेला. झोपेतच गेल्या. आमच्या अव्वांना सांगितलं न्हाई अजून. डाक्टर म्हणलेत, बीपी लई हाय, आताच धक्का नगं."

मंजुश्रीच्या हातातला चमचा तसाच राहिला. मी आरशावरचं फडकं काढायला विसरलो. ते मी त्या दाराच्या चित्रावर धरून उभा होतो, जणू आवाज त्याने थांबणार होता.

अव्वांनी तोंडातली पेज गिळली. मग म्हणाल्या, "फडकं काढा."

मी काढलं. निळं दार होतं तिथेच होतं.

"जावईबापू, तुम्हाला ठावं होतं?"

"नाही अव्वा. शपथ."

"मंजे, तुला?"

मंजुश्रीला रडू आवरत नव्हतं. तिने नकारार्थी मान हलवली.

"मल्लूला बोलवा," अव्वा म्हणाल्या.

मल्लिकार्जुन आला, आणि आईच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काही विचारावं लागलं नाही. तो खाटेच्या कडेला बसला. "अव्वा, तू जरा चालाय लागलीस की सांगणार होतो. शप्पथ सांगतो." मग माझ्याकडे वळला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण चढवला नाही. "दाजी, म्हणून मी नगं म्हणून राहिलो होतो. गल्लीतल्या सगळ्यांना हात जोडून सांगून ठेवलं होतं. शेषेरावनं दार बंद ठेवलं, मागून जायलाय बिचारा. भादरलेलं डोकं दिसू नये म्हणून उन्हात टोपी घालायलाय. वॉर्ड ऑफिसात बी मीच सांगितलं होतं, ते तोंड काढाय लावा म्हणून."

"पण मला सांगायचं होतंस!" मी म्हणालो. "मी काय परका आहे?"

वर्षाराणी केळ्यांची पिशवी घेऊन दारात उभी होती. तिचे डोळे भरलेले होते. "परके न्हाई दाजी," ती म्हणाली. "पण तुम्ही लई बोलता."

मी मंजुश्रीकडे पाहिलं. तिने माझी बाजू घेतली नाही. घेण्यासारखी बाजू नव्हतीही.

अव्वा म्हणाल्या, "खुर्ची आणा. मला समोर बसाय जायचंय."

डॉक्टरांचं, पायाचं, जिन्याचं सगळं सांगून झालं. अव्वांनी एकदाच म्हटलं, "महिना झाला तिला जाऊन, अन् मी तिलाच बोल लावून राहिले, न सांगता गेली म्हणून." मग प्लास्टिकची खुर्ची आणली. मल्लिकार्जुन, दोन हमाल आणि संगमेश्वर अप्पा, अशा चौघांनी ती उचलली. मीही पुढे झालो. पण जिना अरुंद, पाचव्या माणसाला जागा नव्हती. मल्लिकार्जुन म्हणाला, "तुम्ही ऱ्हावा वर, दाजी."

मी वर राहिलो. मंजुश्रीही गेली. रिकाम्या खाटेच्या कडेला बसलो, आणि समोर नळी होती.

वीतभर चौकोनात खुर्ची आली. निळं दार उघडलं. शेषेराव टोपी काढून बाहेर आले. डोक्यावर नुकतेच फुटलेले केस होते. अव्वांनी हात वर केला, ते वाकले, आणि अव्वा त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मग दोघांचाही आवाज नळीतून वर आला. शब्द नव्हते त्यात.

मी टॉवेल घेतला आणि नळीच्या तोंडात कोंबला. आवाज तरीही थोडा येत होता. मग मी खोलीबाहेर जाऊन जिन्यात बसलो.

अव्वांना काही झालं नाही. रक्तदाब वाढला, डॉक्टर रागावले, दोन दिवसांनी उतरला. आमचं निघायचं ठरलं त्या सकाळी मी नळी काढायला गेलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या. एवढी मेहनत केलाव. नुसतं तोंड दुसरीकडं फिरवा."

मी बाहेरचा आरसा उलट्या बाजूला वळवला. तिकडून गल्लीचं मागचं टोक दिसतं: पिठाच्या गिरणीचा पत्रा, विजेचा खांब, एखादी उभी मोटारसायकल. "दिसतंय?" मी विचारलं. अव्वा म्हणाल्या, "दिसतंय की. झाक दिसतंय."

पावसाळा झाला, दिवाळी झाली. त्या आता काठी घेऊन खोलीत चार पावलं टाकतात. दर रविवारी मी नांदेडहून फोन करतो. तब्येतीचं झालं की विचारतो, "अव्वा, नीट दिसतंय ना?" त्या सांगतात, आज गिरणीवर गर्दी होती, आज खांबावर तारवाला चढला होता. अगदी बारकाव्यानिशी सांगतात.

परवा मंजुश्री चार दिवस लातूरला राहून आली. बॅग उघडता उघडता म्हणाली, "अव्वांच्या खोलीत अंधार किती असतो हो. खिडकी लावलेलीच असते. आपण निघालो त्याच दिवशी नळीचं तोंड बाहेर सारून लावून घेतली म्हणे, परत उघडू देत नाहीत."

काल रविवार होता. मी फोन केला आणि विचारलं, "अव्वा, नीट दिसतंय ना?"

"हाव की," त्या म्हणाल्या. "गिरणीला नवा पत्रा टाकलाय, निळा. लई चांगला दिसतोय."